सुरतेची घोडवाट

शिवाजी महाराजांच्या सुरतेच्या स्वारीची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा सुरतेच्या वेशीवरच सुरू होते. मोगल अंमलदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, जॉर्ज ऑक्झेंडनने इंग्रजांची वखार लढवली, व्यापारी वीरजी व्होराच्या वाड्यातून खजिना निघाला, शहराचा मोठा भाग आगीत गेला. हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. पण राजगड ते सुरत हे अंतर सरळ रेषेत धरलं तरी सव्वातीनशे किलोमीटरांच्या पुढे जातं. मध्ये सह्याद्रीची भिंत, तिच्या पायथ्याचं दाट रान, समुद्राकडे धावणाऱ्या अर्धा डझनाहून जास्त नद्या आणि जागोजाग परक्यांची ठाणी. एवढं सगळं ओलांडून हजारो घोडी लंगडी न होता, उपाशी न राहता आणि फारसा गवगवा न होता सुरतेपर्यंत पोचली. ती कुठून उतरली आणि तिथूनच का उतरली, हा या प्रकरणाचा विषय आहे.

हा प्रश्न आज विचारण्याला एक ताजं कारणही आहे. डोंगरी सायकल घेऊन डांबरी रस्ता सोडणारी मंडळी आता नाशिक, पुणे, सुरत अशा सगळ्याच शहरांत दिसतात. त्यांना जी वाट हवी असते, ती घोड्याच्या वाटेशी आश्चर्य वाटावं इतकी जुळते. चढ असावा, पण दम तोडणारा नसावा. पायाखाली मुरूम किंवा माती असावी, सुटे धोंडे नसावेत. ठरावीक अंतरावर पाणी असावं. माणूस एकटा असला तर कुठूनही चढतो. जनावर किंवा चाक बरोबर आलं की जमिनीचं ऐकावं लागतं.

खडक, पाणी आणि खूर

सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर आहे. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराची झीज होऊन उतार होतो. म्हणून दुरून पाहिलं की हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. त्यावरून खाली उतरण्याचे मार्ग तीन प्रकारचे. पहिला नाळेचा, म्हणजे कड्याला पडलेल्या अरुंद घळीतून धोंड्यांवरून उतरायचं. तिथे फक्त माणूस आणि शेळी. दुसरा सोंडेचा, म्हणजे डोंगराच्या लांब उतरत्या धारेवरून. तिसरा खिंडीचा, दोन डोंगरांमधली नैसर्गिक फट शोधून. लमाणांचे बैल, मिठाची गोणी, तोफा आणि घोडी ही सगळी सोंड किंवा खिंड पाहूनच उतरली. मुद्दाम नाळ बांधून काढल्याची उदाहरणं थोडी. नाणेघाट हे त्यातलं सर्वांत जुनं आणि ठळक.

घोड्याचं शरीर समजून घेतलं तर ही निवड लगेच पटते. चढावर घोडा मागच्या पायांनी स्वतःला ढकलतो आणि मान पुढे घालतो. उतारावर सगळा भार पुढच्या पायांवर येतो. अशा वेळी स्वार पुढे झुकला तर घोड्याच्या खांद्यांवर दुहेरी ओझं पडतं. तंग सैल असेल तर खोगीर मानेकडे सरकतं. उघड्या कातळावर लोखंडी नाल घसरते, आणि सुट्या गोट्यांमध्ये खूर अडकून पाय मुरगळतो. म्हणून अनुभवी स्वार अवघड उतारावर खाली उतरतो आणि लगाम हातात धरून घोड्याच्या बाजूने चालतो. घाट उतरणाऱ्या फौजेचा वेग त्या पट्ट्यात माणसाच्या चालीइतकाच असतो. सपाटीवर मात्र घोडा चालीने तासाला सहा किलोमीटर जातो आणि दुडकीने त्याच्या दुपटीहून जास्त.

पाण्याचं गणित तर याहून कडक. कामाच्या दिवशी एका घोड्याला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं. सुरतेच्या पहिल्या स्वारीत चार हजार घोडी धरली, तर सरासरी तीस लिटरने दिवसाला सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी झालं. एवढं पाणी विहिरीतून शेंदून पाजता येत नाही. त्याला वाहती नदीच लागते. वैरणीचंही तसंच. तोबऱ्यातला हरभरा बरोबर नेता येतो, गवत वाटेतच मिळायला हवं. पौषात भाताची कापणी झालेली असते, खाचरं रिकामी आणि कोरडी असतात, पेंढा उडव्यांत रचलेला असतो, नद्यांचं पाणी उतरलेलं असतं. उत्तर कोकणातून घोडदळ न्यायचं तर डिसेंबर-जानेवारीसारखा काळ नाही.

जव्हारमार्गे

सह्याद्रीची भिंत सगळीकडे सारखी उभी नाही. माळशेज, नाणेघाट, हरिश्चंद्रगड या भागात ती एकदम कोसळते. कसाऱ्याच्या उत्तरेला गेलं की ती तुटक होते आणि टप्प्याटप्प्याने खाली येते. त्र्यंबकेश्वर सातशे मीटरच्या वर आहे. तिथून पश्चिमेला निघालं की तोरंगणचा घाट उतरून मोखाड्याचा मुलूख लागतो, आणि पुढे साडेचारशे मीटरच्या आसपास जव्हारचं पठार. म्हणजे देशावरून कोकणात उतरताना मध्ये एक प्रशस्त पायरी मिळते. घोड्यांना विसावा, पाणी, गवत, सगळं तिथे. मग उरलेला उतार.

1663 च्या डिसेंबरात महाराज राजगडाहून निघाले ते नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला आले आणि याच अंगाने खाली उतरले. जव्हारजवळ शिरपामाळ नावाचा माळ आहे. महाराजांचा तळ तिथे पडला होता आणि जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी तिथे त्यांचं स्वागत केलं, अशी तिथली परंपरा सांगते. आज त्या माळावर स्मारक आहे. तिथे उभं राहून चहूकडे पाहिलं तर तळासाठी हीच जागा का, ते समजायला पुस्तक लागत नाही. माळ मोकळा आहे, घोडी बांधायला ऐसपैस आहे, आणि येणारा-जाणारा लांबूनच दिसतो.

जव्हारच्या उत्तरेला रामनगरचं राज्य होतं. नंतरच्या धरमपूर संस्थानाचा हा मुलूख. इथून सुरतेपर्यंत नद्यांची रांगच लागते. दमणगंगा, कोलक, पार, औरंगा, कावेरी, अंबिका, पूर्णा, मिंढोळा. या सगळ्या पूर्वेकडून पश्चिमेला वाहतात आणि उत्तरेकडे निघालेल्या माणसाला आडव्या येतात. समुद्राच्या जवळून जावं तर भरतीचं पाणी आत शिरतं, खाडीचा चिखल घोड्याच्या पोटाला लागतो. डोंगराच्या जवळून जावं तर प्रत्येक नदी खोल दरीतून वाहते. या दोहोंच्या मधला एक पट्टा असा आहे की जिथे नदीला पात्र आहे, खाली वाळू-गोटे आहेत आणि हिवाळ्यात पाणी गुडघाभर उरतं. गणदेवी नेमकी त्या पट्ट्यात येते.

मंगळवार, 5 जानेवारी 1664 रोजी सकाळी सुरतेत बातमी फुटली की मराठी फौज गणदेवीला आली आहे. इंग्रजांच्या कागदांतली ही तारीख त्यांच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाची आहे. गणदेवी सुरतेपासून 28 मैलांवर, म्हणजे पंचेचाळीस किलोमीटर. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास महाराज सुरतेच्या बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत तळ देऊन होते. शहराला सावध व्हायला मिळालं ते जेमतेम एका दिवसाचं अंतर. आधीचे तीनशे किलोमीटर संथ आणि गुपचूप गेले. शेवटचे पंचेचाळीस किलोमीटर सपाट, ओळखीच्या आणि कोरड्या जमिनीवरून झाले. या वाटेचा आणखी एक मोठा फायदा होता. सुरत तापीच्या दक्षिण काठावर वसलेली आहे. दक्षिणेकडून येणाऱ्याला तापी ओलांडावीच लागत नाही.

रविवारी, 10 जानेवारीला, फौज परत फिरली. जळालेल्या घरांतल्या सामान्य सुरतकरांनी त्या दिवसांत काय सोसलं असेल, हेही त्या वाटेच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि ते विसरून तिच्याबद्दल लिहू नये.

कांचनबारी

दुसरी स्वारी 3 ऑक्टोबर 1670 ची. या वेळी घोडदळ आणि पायदळ मिळून फौज पंधरा हजारांची होती असं इतिहासकार जदुनाथ सरकार सांगतात. परतीची वाट मात्र पूर्ण वेगळी निवडली गेली. फौज बागलाणात चढली, मुल्हेरच्या बाजूने आली आणि सातमाळा रांगेतली कांचनबारी गाठून नाशिककडे वळली. बागलाण-खानदेशात खिंडीला बारी म्हणतात. सेलबारी, कांचनबारी ही त्या मुलखातली महत्त्वाची दारं.

इथे घोडवाटेचा दुसरा स्वभाव दिसतो. रिकामा घोडा आणि लादलेला घोडा यांची वाट एक नसते. घोड्याने वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं वाहू नये, असा साधारण हिशेब आहे. त्याहून जास्त लादलं की पाठीला जखमा होतात, चढावर दम जातो, मुक्काम जवळजवळ पडू लागतात. मोगल सरदार दाऊदखान कुरेशी पाठलागावर होता, त्याला मराठ्यांची दिशा कळली ती याच संथपणामुळे असावी. 17 ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या परिसरात लढाई झाली. महाराजांनी खजिन्याची घोडी काही तुकड्यांबरोबर पुढे काढून दिली आणि उरलेल्या सैन्यानिशी मोगलांना थोपवून धरलं. खिंड आपल्या ताब्यात असेपर्यंत थांबायचं आणि ओझं पलीकडे पोचलं की निघायचं, ही त्या लढाईची रचना होती. जमिनीच्या ज्ञानावर जिंकलेली ही लढाई आहे.

पुढची दोन वर्षं पाहिली की वाटांचा विचार किती लांबचा होता ते उमगतं. 1671 च्या सुरुवातीला साल्हेर घेतला, म्हणजे बागलाणातून गुजरातेत उतरणाऱ्या वाटांवरचा पहारा हाती आला. 1672 च्या पावसाळ्याच्या तोंडावर पेशवे मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं, पाठोपाठ रामनगर घेतलं. त्यामुळे कल्याणपासून सुरतेपर्यंत जवळची आणि सुरक्षित वाट मराठ्यांना मिळाली, असं सरकारांनी नोंदवलं आहे. आठ वर्षांपूर्वी पाहुण्यासारखी वापरलेली वाट आता स्वराज्याची झाली होती.

तापीकाठची वाट

फौजेने वापरली ती आडवाट. राजरोस रहदारी तापीच्या खोऱ्यातून चाले. सुरत, बारडोली, व्यारा, नवापूर, तिथून एक फाटा बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला आणि दुसरा पिंपळनेर, दौलताबादमार्गे गोवळकोंड्याला. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए या दुसऱ्या फाट्याने गेला होता. 1676 मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात नवापूरच्या तांदळाची नोंद आहे. दाणा बारीक, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा आणि कस्तुरीसारखा सुगंधी. हिऱ्यांच्या शोधात निघालेल्या माणसाने वाटेतल्या भाताची आठवण ठेवली.

या वाटेचं महत्त्व ओळखून पिलाजी गायकवाडांनी 1719 च्या सुमारास व्यारा आणि नवापूरच्या मधलं सोनगड आपलं ठाणं केलं. बडोद्याच्या राज्याची पायाभरणी इथली. त्याच्याही सतराशे वर्षं आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात पैठण आणि तेरहून माल गाड्यांतून, वाटा नसलेल्या प्रदेशांतून भडोचला येतो, असं लिहिलं आहे. देश आणि गुजरातचं बंदर यांच्यातली ही ये-जा मुळातच फार जुनी.

रेल्वेने तिचं रूप बदललं. तापी खोऱ्यातली रेल्वे 1900 पर्यंत उधन्यापासून जळगावपर्यंत पोचली आणि घोड्या-बैलांचा तांडा थांबला. उतरणारी माणसं मात्र वाढली. दुष्काळाने आणि कोरडवाहू शेतीने पिचलेले खानदेशी लोक सुरतेच्या कापड गिरण्या, यंत्रमाग आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत आले. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांत आज अहिराणी आणि मराठी सर्रास ऐकू येते. ज्या उधन्यावरून 1664 ला घोडदळ शहराकडे गेलं, तिथेच आता नंदुरबार-जळगावची गाडी पकडायला मराठी कुटुंबं उभी असतात.

घोडा या खोऱ्यातून पुरता गेलेला नाही. तापीकाठीच, नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला यात्रा भरते आणि तिथे देशभरातून घोडी येतात. गिऱ्हाईक आधी ओठ वर करून दात बघतं, त्यावरून वय ठरतं. मग चारी खूर उचलून तळवा ठोकून पाहतं. मग अंगावरचे भोवरे मोजतं. गळ्यावर देवमण हा शुभ भोवरा असला की किंमत चढते. शेवटी मालक उघड्या पाठीवर बसून रेवाल चालीत घोडं पळवून दाखवतो. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचा तिथे रुबाब असतो. पण घाटाला खरा उपयोगी तो आपला भीमथडी तट्टू. बुटका, आडव्या हाडाचा, खडकाळ जमिनीवर पाय जपून टाकणारा आणि थोड्या वैरणीवर तगणारा. धनगरांच्या मेंढ्यांमागे बिऱ्हाड वाहणारं तट्टू दिसतं ते बहुधा याच वाणाचं. त्याला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे.

टस्कनीतले पांढरे रस्ते

जुन्या वाटेचं पुढे काय करता येतं, हे पाहायचं तर इटलीकडे बघावं. इसवी सन 990 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक रोमहून इंग्लंडला परत निघाले आणि त्यांनी वाटेतल्या मुक्कामांची यादी ठेवली. त्या यादीवरून ‘विया फ्रांचिजेना’ ही यात्रावाट पुन्हा आखली गेली. 1994 मध्ये युरोप परिषदेने तिला सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला. आज सान जिमिन्यानो, मोंतेरिज्जोनी, सिएना अशा गावांतून लोक ती पायी करतात, सायकलने करतात, काही घोड्यावरूनही करतात. पायी चालणाऱ्याची वाट आणि सायकलची वाट अवघड जागी वेगळ्या होतात आणि पुढे एकत्र येतात. खुणा दोघांनाही आहेत.

दक्षिणेला आब्रुत्सो आणि मोलिझेत मेंढपाळांचे ‘त्रात्तुरी’ आहेत. हिवाळ्यात कळप डोंगरावरून पुलियाच्या सपाटीला नेण्याचे हे गवताळ मार्ग. त्यातले राजमार्ग शंभर मीटरांहून रुंद ठेवलेले होते. कळपांच्या या हंगामी स्थलांतराला 2019 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशात स्थान मिळालं. त्याच भागात ग्रान सास्सो पर्वताला वेढा घालणारी तीनशे किलोमीटरांहून लांब घोडवाट आखली आहे, आणि तिच्यावर डोंगरी सायकलीही चालतात.

तिसरं उदाहरण मला सर्वांत शिकवणारं वाटतं. टस्कनीत चुनखडीच्या खडीचे कच्चे पांढरे रस्ते होते आणि एकेक करून त्यांच्यावर डांबर पडत होतं. 1997 मध्ये किआंती भागातल्या गायोले गावात जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ ही फेरी सुरू झाली. हेतू हा, की लोकांनी त्या रस्त्यांवरून जावं आणि ते राखण्याजोगे आहेत हे त्यांना पटावं. पुढे व्यावसायिक शर्यतीही त्या रस्त्यांवर आल्या. वापर हेच तिथे जतन ठरलं.

एकाच वाटेवर घोडा आणि सायकल

घोडा आणि सायकल एकत्र नांदायची तर सायकलवाल्याने घोड्याची नजर समजून घ्यावी लागते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. सायकल नेमकी तिथूनच, आवाज न करता आणि वेगात येते. शिकार होणाऱ्या प्राण्याच्या मेंदूला हे वाघाचं येणं वाटतं. म्हणून इटलीत असो की मोखाड्यात, शिस्त एकच आहे. लांबूनच वेग कमी करायचा. घंटी वाजवण्यापेक्षा माणसासारखं बोलायचं, म्हणजे घोड्याला ओळख पटते. उतारावर उभं राहायची वेळ आली तर घोड्याला डोंगराची बाजू मोकळी ठेवून आपण खालच्या अंगाला थांबायचं, कारण घाबरलेला घोडा वरच्या दिशेला पळतो. स्वाराने हात केला की मगच पुढे जायचं.

वाहन म्हणून दोघांच्या अडचणीही सारख्याच आहेत. घोड्याच्या खुरात खडा रुततो, चाकात बाभळीचा काटा. मुक्कामी पोचल्यावर खूर खरवडून पाहणं आणि टायरवरून बोट फिरवून पाहणं ही एकाच जातीची काळजी. या मुलखात रुंद, खाचांचे, ट्यूबलेस टायर हवेत. उतारावर पुढचा ब्रेक करकचून दाबला तर मुरुमावर चाक घसरतं, म्हणून वजन मागे घेऊन दोन्ही ब्रेक हलके हलके वापरावेत. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मार्चनंतर जव्हार-मोखाड्याचे ओढे आटतात आणि तिथे माणसांनाच पाण्यासाठी मैल मैल चालावं लागतं. त्यांच्या हंड्यातलं पाणी पाहुण्यांसाठी नाही.

वाट कोण राखणार

जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. राजगड त्यात आहे, साल्हेरही आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण किल्ला ही मोहिमेतली थांबण्याची जागा होती. राज्य उभं राहिलं ते त्या किल्ल्यांना जोडणाऱ्या वाटांवर, आणि त्यांची यादी आपण अजून केलेली नाही. दरवर्षी एखादी बैलवाट घाटरस्त्याखाली गडप होते, एखादी धरणाच्या पाण्याखाली जाते, एखादी फक्त वापर थांबला म्हणून झुडपात बुडते.

त्र्यंबक-जव्हार-गणदेवी-सुरत आणि सुरत-सोनगड-साल्हेर-दिंडोरी या दोन वाटा मिळून एक सुंदर फेरा होतो. महाराष्ट्र आणि गुजरात दोन्हीकडे तो कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल यांच्या गावांतून जातो. यातला बराचसा मुलूख अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचे हक्क मान्य केले आहेत. म्हणून ही वाट शहरातून आखून तिथे नेता येणार नाही. कुठून जाऊ द्यायचं, कुठे मुक्काम ठेवायचा, नागलीची भाकरी आणि घोड्याची वैरण कोणत्या भावाने द्यायची, हे त्या गावांनी ठरवायचं. जुन्या पायवाटा त्यांनीच वापरून जिवंत ठेवल्या आहेत. खरी माहिती त्यांच्याकडेच आहे.

सुरुवात लहान करता येईल. त्र्यंबक ते जव्हार हा पहिला टप्पा घ्यावा. फाट्यांवर दगडांना रंगाच्या खुणा कराव्यात, पाण्याच्या जागा महिन्यांसह नोंदवाव्यात, घोड्याला न झेपणारे उतार वेगळे दाखवावेत. नाशिकचे सायकलस्वार दरवर्षी सायकलने पंढरपूरची वारी करतात. नेमाने एका वाटेवर जाण्याचं वळण त्यांना आहेच. त्यांच्यातल्या काहींनी दर पौषात हा टप्पा करायचं ठरवलं, तर टस्कनीत जे डांबराला थोपवून झालं, ते इथे झुडपाला थोपवून होईल. किल्ल्याच्या चिऱ्यांची डागडुजी करायला सरकार लागतं. वाट मात्र जाणाऱ्या-येणाऱ्यांनीच शाबूत राहते, आणि ते आपल्या हातात आहे.